सलग हरताना डोकं जागेवर कसं ठेवायचं? पोकर खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रावेर तालुक्यातला, केळीवाल्या घरातला. सात वर्षं पोकर खेळलो, त्यातली चार ऑनलाइन, खऱ्या पैशांवर. आमच्याकडे पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळींसाठी झोके बांधले जातात, तसे गड्यांचे डावही बसतात, आणि झन्नामन्ना, तीन पत्ती पोरं नुसती बघूनच शिकतात. पण आठ-दहा वेळा सलग हरल्यावर मनाचं काय होतं, हे कुणी सांगत नाही. जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा इकडची पोरं मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहितो आहे.

माझ्याच वाट्याला असं का येतं? एक्क्यांची जोडी असूनही हरतो.

कारण एक्क्यांची जोडी हरते. होल्डेममध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन आणि मध्ये सगळ्यांचे सामाईक पाच पत्ते असतात त्या पोकरमध्ये, हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या एकूण १३२६ जोड्या होतात, त्यांपैकी फक्त ६ एक्क्यांच्या. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. समोरासमोर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तेव्हा ही जोडी साधारण आठ तासांतून एकदा दिसते. इतकी वाट पाहून आलेली वस्तू हातची गेली की जिवाला लागतंच.

आता समोर बादशहांची जोडी असेल आणि फ्लॉपच्या, म्हणजे पहिले तीन सामाईक पत्ते उघडण्याच्या, आधीच दोघांचे सगळे पैसे मध्ये गेले, तर एक्के शंभरातून साधारण ८२ वेळा जिंकतात. उरलेल्या १८ वेळा हरणारा माणूस कुणीतरी असतोच. तुम्ही ८० टक्के पुढे असताना पाच वेळा ऑल-इन गेलात, म्हणजे समोरचे सगळे पैसे लावलेत, तर त्यातला किमान एक डाव हरण्याची शक्यता ६७ टक्के आहे. पाचही जिंकण्याची फक्त ३३. म्हणजे सगळं बरोबर करूनही एखादा फटका बसणं हेच जास्त घडणारं आहे. मी हा हिशोब पहिल्यांदा कागदावर केला तेव्हा माझी निम्मी तक्रार तिथेच थांबली.

सलग किती दिवस हरणं साधं समजायचं?

लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा खूप जास्त. हे उत्तर जरा लांबेल, पण सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे.

फ्लॉपवर तुमच्याकडे फ्लशसाठी, म्हणजे एकाच जातीच्या पाच पत्त्यांसाठी, चार बदाम आहेत, पाचवा हवा आहे. पुढच्या दोन पत्त्यांत तो येण्याची शक्यता साधारण ३५ टक्के. असे पाच डाव ओळीने कोरडे जाण्याची शक्यता साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, नवातून एकदा. नवातून एकदा घडणाऱ्या गोष्टीला आपण 'कुणीतरी काहीतरी केलं आहे' म्हणतो.

आता मोठं चित्र घ्या. एक चांगला खेळाडू आहे, शंभर डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (पत्ते वाटायच्या आधी एकाला लावावीच लागणारी ठरलेली रक्कम) कमावणारा. नो-लिमिट होल्डेममध्ये शंभर डावांमागचा चढउतार, ज्याला गणितात प्रमाण विचलन म्हणतात, तो साधारण ९० बिग ब्लाइंड धरतात. कमाई ५ आणि हेलकावा ९०. दहा हजार डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड होते, पण हेलकावा ९०० चा असतो. गणित केलं की कळतं, दहा हजार डाव चांगले खेळूनही असा माणूस तोट्यात असण्याची शक्यता जवळपास १० पैकी ३ आहे.

दहा हजार डाव म्हणजे किती? मित्रांत बसून आठवड्यातून एक दिवस चार तास खेळलात तर जवळपास पावणेदोन वर्षं. दोन आखाजी निघून जातील आणि तुमचा चांगला खेळ तरीही खात्यात दिसणार नाही. एक लाख डावांनंतर मात्र तोच खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता ४ टक्क्यांवर येते. म्हणून 'तीन आठवडे झाले, हरतोच आहे' असं कुणी म्हणालं की मी त्याला आधी विचारतो, किती डाव झाले? बहुतेकांना आकडा माहीतच नसतो.

मग माझं नशीब वाईट आहे की खेळच वाईट आहे, हे कळणार कसं?

सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हाच. हरण्यापेक्षा हे न कळणं माणसाला खातं.

मी याचं उत्तर पत्त्यांत शिकलो नाही, आमच्या मळ्यात शिकलो. एका जूनमध्ये संध्याकाळी वादळ आलं. अर्ध्या तासात घडांनी लदलेली केळीची मृगबाग आडवी झाली. सकाळी नाना, म्हणजे माझे वडील, वही घेऊन बागेत गेले. मी मागे मागे. चिखलात चपला रुतत होत्या, चिकाचा वास सुटला होता, आणि नाना ओळीने एकेक पडलेलं खोड मोजत होते. वहीत त्यांनी दोन रकाने पाडले होते. एकावर लिहिलं होतं 'वारा', दुसऱ्यावर 'आपलं'. मधल्या ओळी पडल्या त्या वाऱ्यात गेल्या. पश्चिमेच्या बांधावर वारा अडवणारी शेवरी विरळ झाली होती, ती दाट करायची राहिली होती. तिथल्या ओळी 'आपलं'मध्ये गेल्या. काही झाडांना टेकू लावलेले नव्हते, तीही 'आपलं'मध्ये. नाना त्या दिवशी कुणाशी फारसं बोलले नाहीत. पण पुढच्या लागवडीला शेवरी दाट होती आणि टेकूचे बांबू आधीच येऊन पडले होते.

पोकरची वही अशीच ठेवा. प्रत्येक मोठा हरलेला डाव लिहायचा: हातात काय होतं, पैसे कोणत्या क्षणी मध्ये गेले, समोरच्याकडे काय असेल असं तेव्हा वाटलं होतं. आणि शेवटी एकच प्रश्न: परत हाच डाव आला तर असाच खेळेन का? 'हो' असेल तर तो डाव वाऱ्याचा. 'नाही' असेल तर आपला. सोबत वेळ लिहा, झोप किती झाली होती तेही लिहा. मी तीन महिने लिहिलं तेव्हा दिसलं, माझे 'आपलं'मधले बहुतेक डाव रात्री बारानंतरचे होते. ते मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नसतं.

डाव त्याच रात्री लिहा, पण निकाल दुसऱ्या दिवशी द्या. रात्री प्रत्येक डाव वाऱ्याचाच वाटतो.

आणखी एक रकाना हवा, रेकचा. डाव चालवणारा प्रत्येक पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांतून, साधारण ५ टक्के कापत असेल, तर टेबलावरचे सगळे मिळून रोज थोडे थोडे हरतच असतात. समोरच्यांपेक्षा थोडेसेच बरे असाल तर तुमचा सगळा नफा त्या कापण्यात जातो. तो वाराही नाही आणि चूकही नाही. तो खर्च आहे, आणि खर्च म्हणूनच धरायचा.

इतका हरलो, आता तरी माझी पाळी येणार ना?

पत्त्यांना मागचं काही आठवत नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर काळा रंग सलग २६ वेळा आला, आणि 'आता लाल येणारच' म्हणून लोक प्रत्येक फेरीला जास्त जास्त लावत बुडाले. गड्डी पिसली की तुमचा नववा डाव पहिल्या डावाइतकाच कोरा असतो. मागचे आठ हरणं नवव्याला मदतही करत नाही आणि शापही देत नाही.

टिल्ट म्हणजे नेमकं काय? मला राग येत नाही, तरी खेळ बिघडतो.

हरण्याच्या भरात विचार सुटून हात आपोआप चालू लागतात, त्याला टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला: यंत्र रागाने हलवलं की ते 'टिल्ट' दाखवून बंद पडायचं.

पण राग हे त्याचं एकच रूप आहे. माझं दुसरं होतं. मे महिना, भुसावळला मामांकडे गच्चीवर पडलो होतो. रात्रीचे दोन वाजले तरी पत्र्याची ऊब उतरली नव्हती, खाली कूलरच्या पाण्याचा आवाज, रेल्वेची शिट्टी. माझ्याकडे राण्यांची जोडी, समोर एक्का-बादशहा, रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, एक्का आला. मी ओरडलो नाही, फोनही आपटला नाही. अगदी शांत होतो. आणि त्याच शांतपणे पुढच्या वीस मिनिटांत चौकट दुरी, किलवर सत्ती असले पत्ते खेळत तीन बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना आणायची रक्कम तीनदा, घालवले. 'काय फरक पडतो' असं मनात येत होतं. हे वाक्य मनात आलं की समजा, टिल्ट सुरू झाला.

आणखी खुणा सांगतो. पत्ते पूर्ण बघायच्या आधी बटणावर बोट जातं. एकाच माणसाला हरवायची ओढ लागते. जबडा आवळलेला असतो. घड्याळाकडे बघायचं टाळता. आणि एक खूण कुणी सांगत नाही: डर लागतो. चांगला पत्ता आला तरी पैसे लावायला हात कचरतो, चेक करत, म्हणजे काही न लावता पाळी पुढे ढकलत, बसता, आणि जिंकायचा पॉट लहान होतो. तोही टिल्टच आहे.

डाव सुरू असतानाच डोकं फिरलं तर लगेच काय करू?

टेबलावरून उठा. जागेवर बसून खोल श्वास घेण्याचे सल्ले मिळतात, पण पत्ते समोर असताना ते जमत नाही. दोन फेऱ्या बाहेर बसा, तोंडावर पाणी मारा, गार पाणी प्या. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तहानलेला आणि रात्रभर घामात जागलेला माणूस बरोबर ठरवू शकत नाही, हे साधं आहे.

उठलात की झालेला डाव एकदा मोठ्याने स्वतःला सांगा, जणू दुसऱ्याचा आहे: 'त्याच्याकडे अमुक होतं, पैसे गेले तेव्हा मी पुढे होतो.' सांगून झाल्यावर परत बसावंसं वाटत असेल तर विचारा, खेळायला बसायचं आहे की वसुलीला? वसुलीला असेल तर घरी जा.

आणि हे सगळं जमेलच असं धरू नका. म्हणून बसायच्या आधी, डोकं थंड असताना, दोन बाय-इन गेले की उठायचं असा नियम सोबतच्या एकाला सांगून ठेवा. एटीएम कार्ड घरी ठेवा. त्या क्षणी तुमच्या शब्दापेक्षा रिकामा खिसा जास्त भरवशाचा असतो.

हरलेले पैसे काढायला मोठ्या टेबलावर बसलो तर?

नको. मनापासून सांगतो, नको. माझ्या ओळखीत जितकी घरं पत्त्यांत अडचणीत आली, त्यातली बहुतेक सलग हरण्यामुळे नाही, तर त्यानंतरच्या या एका उडीमुळे आली.

ही ओढ फक्त तुमची नाही. डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं, की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख जास्त असतं, आणि तोट्यात असलेला माणूस तो भरून काढायला एरवी घेणार नाही असा धोका घेतो. कानेमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हजार रुपये मिळाल्याचा आनंद आणि हजार गेल्याची कळ सारखी नसते, कळ साधारण दुप्पट असते. म्हणून रात्री हरलेला तुमचा मेंदू जे 'पटतंय' म्हणतो, ते सकाळी पटत नाही.

मोठ्या टेबलावर खेळणारे जास्त चांगले असतात आणि तुमच्याजवळ कमी बाय-इन असतात. दोन्ही गोष्टी तुमच्या विरुद्धच जातात. सलग हरताना खाली उतरायचं असतं. अर्ध्या रकमेवर, किंवा नुसत्या गुणांवर.

समोरचा काहीच्या बाही खेळून जिंकतो. ते सहन होत नाही.

तो तसा खेळतो म्हणूनच तुम्ही पुढे आहात. त्याला कधी जिंकताच आलं नसतं तर तो आज टेबलावर नसता. त्याला टोमणे मारू नका, शिकवू नका. 'भारी आला भो पत्ता' म्हणा आणि पुढचे पत्ते उचला.

अंगठी, नवस, जागा बदलणं, याने काही होतं का?

पत्त्यांवर काही होत नाही. जागा बदलल्याने मन हलकं होत असेल तर बदला. पण अंगठीवर खर्च करायची वेळ आली तर थांबा; कानुबाईपुढे हात जोडायचे ते घराच्या सुखासाठी जोडा.

ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाले. माझे गेलेले पैसे परत मिळवायचे राहिले, त्याचं काय?

हा प्रश्न बंदीनंतर सगळ्यात जास्त येतो. ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करणं त्यात बंद केलं आहे. पोकरही त्यात आलं. खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही.

बरेच जण तोट्यात असतानाच दार बंद झालं. मीही. आणि मन म्हणत राहिलं, अजून एक महिना मिळाला असता तर फिटलं असतं. ते खरं नाही, वरचा दहा हजार डावांचा हिशोब परत वाचा. या ओढीचा फायदा घेणारे आता मोबाईलवर लिंक पाठवतात, परदेशातलं ॲप आहे, चालतं म्हणतात. तिथे जिंकलात तरी पैसे मिळतील याची हमी नाही, आणि बुडाले तर दाद कुठे मागणार? ती रक्कम वहीत लिहा, खाली रेघ मारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, जिंकलेल्यावर ३० टक्के कर होता, त्यावर रेक. तो डाव आधीपासूनच चढाचा होता.

आखाजीला तर घरोघरी चालतं, मग पोकरलाच का घाबरायचं?

आखाजीचा डाव दोन दिवसांत उठतो. त्या दिवसांत सालदार ठरतात, नवं साल सुरू होतं, माणसं आपापल्या कामाला लागतात. मला त्या डावांचं कौतुक नाही. तिथेही मोठ्या रकमा जातात, आणि जुगाराच्या अड्ड्यावर पोलीस येतातच. पण त्याला शेवट असतो. फोनवरच्या किंवा रोजच्या अड्ड्यावरच्या डावाला शेवट तुम्हालाच करावा लागतो, आणि सलग हरताना नेमकं तेच जमत नाही.

घरी सांगायचं का?

हो. आजच.

मी आठ महिने लपवलं. हरण्याने जितका थकलो नाही तितका लपवण्याने थकलो. फोन उलटा ठेवायचा, बँकेचे मेसेज पुसायचे, हसून जेवायचं. सगळ्यात वाईट म्हणजे, लपवलेला तोटा रात्रीतून भरावा लागतो, कारण सकाळी कुणाला कळायला नको असतं. मग मोठं टेबल, मग उसने, मग कर्ज देणारं ॲप.

ज्या दिवशी सांगितलं, बायको कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी थापत होती. मी आकडा सांगितला. तिने हात थांबवला नाही. 'अजून कोणाचे?' म्हणाली. मी एका मित्राचं नाव घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि परत विचारलं, 'अजून?' मी सोनाराकडे ठेवलेल्या साखळीचं सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खरा, पूर्ण आकडा सांगितला. भाकरी करपली होती. ती रडली, दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या भावाला, दादाला बोलावून तिघांनी मिळून कोणाचे आधी फेडायचे ते लिहिलं.

म्हणून सांगताना एकदाच, पूर्ण सांगा. निम्मं सांगितलं तर उरलेलं निम्मं परत लपवत बसाल.

हे व्यसन झालं आहे, हे कसं ओळखायचं?

थांबायचं ठरवून थांबता येत नसेल, घरखर्चाचे, बियाण्याचे, मुलांच्या फीचे पैसे लावले असतील, हरल्याचं खोटं बोलत असाल, न खेळलेल्या दिवशी चिडचिड होत असेल, तर वहीने काम भागणार नाही. माणूस लागतो. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर रात्री-अपरात्री कधीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. जगणं नकोसं वाटत असेल तर उद्यावर टाकू नका. आत्ता फोन करा आणि फोन होईपर्यंत कुणाजवळ तरी जाऊन बसा. पैशाचा आकडा कितीही मोठा असला तरी तो फेडण्यासाठी वर्षं मागून घेता येतात.

माझा मित्र सलग हरतो आहे. त्याला काय म्हणू?

'जाऊ दे, पुढच्या वेळी जिंकशील' म्हणू नका. 'सांगितलं होतं ना' तर अजिबात नको. बॅड बीटची, म्हणजे पुढे असूनही हरल्याची, गोष्ट तो दहाव्यांदा सांगेल, एकदा पूर्ण ऐकून घ्या. मग पत्ते नसतील अशा ठिकाणी घेऊन जा. आम्ही मळ्यात वांगी भाजतो, भरीत करतो. काड्यांचा जाळ पेटवला की माणूस आपोआप बोलायला लागतो. जेवण झाल्यावर हळूच विचारा, 'भो, एकूण किती गेले?' आकडा आला की पुढचा प्रश्न, 'घरी माहीत आहे का?' आणि तो 'नाही' म्हणाला, तर त्याला म्हणा, चल, मी येतो सोबत.